गाभोळी कोणी खावी, कोणी जपून खावी?

पहिला जोरदार पाऊस झाला की शहापूर-मुरबाडकडे भातसा, काळू, शाई या नद्यांचे मासे अंडी घालायला ओढ्यांत, शेतांत चढतात. हीच वलगण. या दिवसांत घरोघरी गाभोळी शिजते आणि दवाखान्यात प्रश्न येतो, “युरिक अॅसिड आहे, चालेल का?”

गाभोळीत काय असते?
गाभोळी म्हणजे माशाची अंडी. परदेशात महागडे ठरलेले कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडीच. त्यासाठी अमेरिकेत पांढरा स्टर्जन पाळतात. पोषण दोन्हींत बरेचसे सारखे आहे. १०० ग्रॅम गाभोळीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. ब-१२ आणि ओमेगा-३ही भरपूर मिळते. कोलेस्टेरॉल मात्र साधारण ३७० मिलिग्रॅम असते, म्हणजे जवळपास दोन कोंबडीच्या अंड्यांइतके. माशानुसार हे आकडे बदलतात. कॅव्हिअरमध्ये मीठ खूप असते, ताज्या गाभोळीत ते तुम्ही घालाल तेवढेच.

कोणी जपावे?
• गाउट किंवा वाढलेले युरिक अॅसिड: गाभोळीतील प्युरिनपासून युरिक अॅसिड तयार होते. सांधा सुजलेला असताना ती टाळा. एरवी किती खावी, हे डॉक्टरांना विचारा.
• हृदयविकार, जास्त कोलेस्टेरॉल: कधीतरी, थोडी आणि कमी तेलात.
• मूत्रपिंडाचा आजार: आधी डॉक्टरांना विचारा.
• अॅलर्जी: मासे पचतात, पण गाभोळीने अंगावर गांधी उठतात, असेही होते. तसे झाले असेल तर पुन्हा खाऊ नका.

गरोदर बाईने ताजी, पूर्ण शिजलेली गाभोळी खायला सहसा हरकत नसते.

कशी शिजवावी?
जाड गाभोळी बाहेरून लाल होते आणि आतून कच्ची राहते. आधी हळद-मीठाच्या पाण्यात उकडा, मग काप करून तव्यावर परता. मध्ये कापून पाहा, आतपर्यंत घट्ट झालेली हवी. कच्च्या गाभोळीतून जंतू आणि कृमी पोटात जाऊ शकतात. औषध टाकून मारलेले मासे मुळीच खाऊ नका. ते विष शिजवून जात नाही.

दवाखान्यात कधी जावे?
खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली किंवा उलट्या थांबत नसतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात लगेच जा.