जुना माल घेताना

आठवडी बाजारात कापडाची, मिरची-मसाल्याची, भाजीची ओळ संपली की अगदी कडेला एखादा माणूस जमिनीवर पोते अंथरून बसलेला दिसतो. त्याच्यापुढे पाने, पक्कड, सायकलची चेन, पितळेचा तांब्या, एखादा टेबलपंखा, दोनचार मोबाईल, चष्म्याच्या काड्या असे काय काय मांडलेले असते. बाजाराला आलेला माणूस तिकडे नजर टाकतो खरा, पण ओळखीचे कोणी पाहील म्हणून पटकन पुढे सरकतो.

श्रोतेहो, ही लाज उगाचची आहे. मुंबईच्या चोरबाजारात मोटारीतून उतरून लोक जुनी घड्याळे नि झुंबरे धुंडतात. पुण्याच्या जुन्या बाजारात कारागीर आपली हत्यारे घेतो. पॅरिस शहराच्या कडेला असाच मोठा बाजार भरतो, त्याला तिकडे ‘पिसवांचा बाजार’ म्हणतात. जुन्या गाद्या-गिरद्यांतून पिसवा यायच्या म्हणून हे नाव पडले असे सांगतात. इंग्लंडात तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एक वेगळाच प्रकार रुजला. ग्रीस देशात उपासमार झाली, तेव्हा 1942 साली ऑक्सफर्डच्या काही लोकांनी मदतीसाठी संस्था काढली. लोकांनी घरातले जुने कपडे, पुस्तके, भांडी फुकट द्यायची, संस्थेने ती दुकानात विकायची आणि आलेला पैसा गांजलेल्यांकडे पाठवायचा, अशी दुकाने तिने पुढे चालवली. आज तिकडे गावोगावी अशी धर्मादाय दुकाने आहेत. आपल्याकडे दुकान नाही, पण ‘माणुसकीची भिंत’ अनेक शहरांत उभी राहिली आहे: नको असेल ते ठेवा, हवे असेल ते न्या.

तेव्हा जुने घेण्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो फसगतीचा. आपल्या वऱ्हाडातला माणूस जुन्या मालापुढे उभा राहिला की पहिला प्रश्न विचारतो, “काहून भाऊ, एवढं स्वस्त काहून देता?” हा प्रश्न फार मोलाचा आहे. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली याच प्रश्नावर एक निबंध लिहिला आणि 2001 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या वस्तूची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा त्या भीतीपोटी कमी भाव देतो. भाव कमी मिळतो म्हणून चांगल्या वस्तूचा मालक ती बाजारात आणीतच नाही, आणि बाजारात खोडीचा मालच जास्त साचतो.

आपल्या कास्तकाराला यात नवे काही वाटणार नाही. बैलबाजारात तो बैलाचे दात पाहतो, चालवून पाहतो, गाडीला जुंपून पाहतो, कारण बैल मारका आहे की जुंपल्यावर बसतो हे मालक आपण होऊन सांगणार नाही. कापसाच्या बाजारात हीच अडचण उलट बाजूने होती. तिथे काटा व्यापाऱ्याचा, भाव व्यापाऱ्याला ठाऊक, आणि शेतकरी अंधारात. म्हणून 1886 साली कारंज्याला नियमांखाली चालणारा कापसाचा बाजार सुरू झाला आणि 1897 साली वऱ्हाडाच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच आला. जुन्या वस्तूंच्या बाजाराला मात्र अशी बाजारसमिती नाही. तिथे आपले डोळे, आपले हात आणि आपले विचारणे यांवरच भिस्त.

म्हणून माझे सांगणे असे, की ज्या वस्तूची झीज डोळ्यांना दिसते ती निर्धास्त घ्या आणि जिची झीज आत लपलेली असते तिच्याबाबत दहा वेळा विचार करा.

तांब्या-पितळेची भांडी पहिल्या जातीची. भांडे आपटून पाहिले, उजेडाकडे धरून भोक पाहिले, डाग दिलेला सांधा पाहिला की झाले. शिवाय त्याला एक तळचा भाव असतो, तो म्हणजे मोडीचा. घरून निघताना भांड्याच्या दुकानी त्या दिवसाचा मोडीचा भाव विचारून घ्यावा. त्याच्या थोडे वर हंडा मिळाला तर नुकसान होणे कठीण, कारण उद्या मोडीत घातला तरी बहुतेक पैसे परत येतात. स्वयंपाकाला मात्र कल्हई केल्यावाचून वापरू नये. जुने वाडे पाडले जातात तेव्हा निघणारे सागवानी दरवाजे, चौकटी, कड्या हेही याच जातीचे. ठोकून पाहावे, पोकळ आवाज आला तर वाळवी. जमिनीत वा भिंतीत गाडलेले टोक आधी पाहावे, कीड तिथूनच लागते.

पाण्याची मोटार दुसऱ्या जातीची. वरून रंग दिला की दहा वर्षांची मोटार नवी दिसते. आतले वाइंडिंग एकदा जळून पुन्हा भरले आहे की दोनदा, हे रंग सांगत नाही, आणि हलक्या हाताने भरलेली मोटार तेवढ्याच पाण्याला जास्त वीज ओढते. स्वस्त घेतलेले पैसे मग बिलात जातात. मोटार अर्धा तास चालवून, हात लावून, किती तापते ते पाहिल्याशिवाय सौदा करू नये, आणि सोबत आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यावा. विकणारा म्हणेल, “घरी नेऊन पाहा ना.” घरी नेल्यावर ती आपली झाली.

आता ड्रमाविषयी जरा सविस्तर सांगतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने जो खारपाणपट्टा गेला आहे, तिथल्या लोकांना गोड्या पाण्याचे मोल सांगायला नको. नळ चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. पाणी साठवायला ड्रम पाहिजे, आणि कबाड्याकडे निळा ड्रम नव्या टाकीच्या मानाने फारच स्वस्त. पण त्या ड्रमात पूर्वी काय होते? सरबताचा अर्क असेल, तसेच एखादे रसायनही असेल. प्लास्टिक थोडेफार शोषून घेते. सोड्याने धुवा, राखेने घासा, आत मुरलेले निघत नाही. वास गेला म्हणजे विष गेले असेही नाही. कबाडी सांगेल, “बुडाशी त्रिकोणात आकडा आहे, म्हणजे चांगला.” तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, ड्रमात काय भरले होते ते नाही. खाण्याच्या वस्तूंसाठी केलेल्या भांड्यावर पेला व काटा यांची खूण असते. तीही भांडे नवे असतानाची. मूळ चिठ्ठी शाबूत असेल आणि तीवर खाण्याच्याच वस्तूचे नाव असेल, तरच पिण्याच्या पाण्याला घ्यावा. नाही तर तो ड्रम बांधकामाच्या पाण्याला.

फवारणीच्या औषधाचे डबे तर कोणत्याही कामाला घेऊ नयेत आणि कबाड्याला देऊही नयेत. 1971 च्या कीटकनाशक नियमांत रिकामे डबे पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असे सांगितले आहे. डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ नव्हे. शेजारच्या यवतमाळात 2017 साली फवारणीत माणसे दगावली, ते आपण पाहिले आहे.

कागदाचा भाग उरकतो. चोरीची वस्तू आहे हे ठाऊक असून, किंवा तसे समजायला सबळ कारण असून जो ती घेतो, तो भारतीय न्याय संहितेच्या 317 व्या कलमाने गुन्हेगार ठरतो. अजाणता घेतली तरी खरा मालक आला की वस्तू जाते, पैसेही अडकतात. म्हणून विकणाऱ्याचे नाव, गाव, सही असलेली साधी चिठ्ठी घ्यावी. मोबाईल घेताना त्यावर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की 15 आकडी क्रमांक दिसतो. इंग्रजी अक्षरांत के-वाय-एम, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश 14422 वर पाठवला की फोन रोखलेला आहे का ते कळते. मोटारसायकल असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत व घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विकणाऱ्याने यात आळस करू नये. कागदावर नाव त्याचे राहिले तर अपघाताच्या भरपाईचा दावा त्याच्याच दारी येतो.

कपड्यांबाबत लोक फार अडखळतात. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. आयुष्यभर चिंध्यांचे पांघरूण घेऊन हिंडले आणि त्यांनी धर्मशाळा बांधवल्या. हरियाणातल्या पानिपतला परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे फाडून सूत काढतात आणि त्याची कांबळी विणतात. नवे म्हणून घेतलेले स्वस्त कांबळे तिथलेही असू शकते! जुना कपडा शिवणीत, काखेत, गुडघ्यावर उजेडात धरून पाहावा. घरी नेल्यावर कडक पाण्यात धुऊन दिवसभर उन्हात टाकावा. आपल्या वैशाखातल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

राहिली पुस्तके, आणि इथे गुरुजींची मदत लागेल. नववीपासून पुढची पुस्तके पालकांना सहसा विकत घ्यावी लागतात. जूनमध्ये अमरावती, अकोल्याला जाऊन जुनी पुस्तके आणणारा पालक पुष्कळदा बदललेल्या अभ्यासक्रमाचे पुस्तक घेऊन येतो, कारण मुखपृष्ठ पाहून त्याला फरक कळत नाही. आतल्या पानावर आवृत्तीचे साल असते. कोणत्या वर्गाला, कोणत्या विषयाला, कोणत्या सालापासूनचे पुस्तक चालेल, एवढा तक्ता शाळेच्या फळ्यावर एप्रिलातच लिहून ठेवावा. निकालाच्या दिवशी सगळे पालक शाळेत येतातच. त्याच दिवशी एका वर्गात टेबले मांडून वरच्या वर्गाची मुले आपली पुस्तके खालच्या वर्गाच्या मुलांना देऊ शकतील. किंमत शिक्षकांनीच ठरवून द्यावी, समजा छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे घासाघीस नको. पाने मोजून घ्यायचे काम मात्र मुलांकडेच द्यावे, ती ते आपल्यापेक्षा बारकाईने करतात.