वणवा, धरण आणि तरुण नेतृत्व

मुळशी तालुक्यातल्या पौडजवळच्या खुबवली गावच्या डोंगरावर, मुळा नदीचे खोरे जेथून एका दृष्टीत मावते अशा ठिकाणी, १९९७ साली महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज स्थापन झाले. नाना देशांतून आलेली मुले-मुली तेथे दोन वर्षे राहतात, आणि ग्रंथाध्ययनाच्या बरोबरीने सेवाकार्यही करतात. या शिक्षणपरंपरेचे प्रवर्तक कुर्ट हान यांची श्रद्धा अशी की, खरी जबाबदारी सोपविल्यावाचून तरुणाचे कर्तृत्व जागे होत नाही. म्हणूनच १९६२ साली वेल्समध्ये सुरू झालेल्या या परंपरेतील पहिल्या कॉलेजातील विद्यार्थी समुद्रात संकटात सापडलेल्यांच्या सुटकेसाठी बचावनौका घेऊन जात असत.

मुळशीला समुद्र नाही; येथे वणवा आहे. फाल्गुनात गवत वाळते, आणि ते जाळले म्हणजे पावसाळ्यात नवे जोमाने येते या समजुतीने कोणी काडी लावली, किंवा विडीचे थोटूक टाकले, की ज्वाळांची रांग वाऱ्याबरोबर चढणीकडे धावत सुटते. तीत ऐन-हिरड्याची कोवळी रोपे जळतात, जमिनीवरची घरटी होरपळतात, आणि उघडी पडलेली माती आषाढातल्या मुसळधार पावसाबरोबर ओढ्यात जाते. म्हणून वणव्याच्या दिवसांपूर्वीच जाळरेषा, म्हणजे आग अडविणारे गवतरहित पट्टे, काढून ठेवायच्या. आग लागलीच, तर जळून काळ्या पडलेल्या बाजूने जाऊन ओल्या फांद्यांनी तिची कड झोडपत आणायची, वाऱ्याच्या तोंडी मात्र उभे राहायचे नाही. कॉलेजातील मुलांनी हे कामही अंगावर घेतले आहे, आणि पर्यावरणावरील शंभर व्याख्यानांहून मला ते मोलाचे वाटते.

परंतु या भूमीवर नेतृत्वाचे धडे घेणाऱ्याने येथील पाण्याचा इतिहासही जाणला पाहिजे. निळा-मुळा संगमाजवळ टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधावयास घेतले, तेव्हा वडिलोपार्जित जमिनी सरकारी हुकुमाने जाणार हे उमगलेल्या मावळ्यांनी, म्हणजे येथील शेतकऱ्यांनी, १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरण झालेच, आणि पूर्वेस वाहणारे पाणी सह्याद्री ओलांडून कोकणातील भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळले. वीज मुंबईला मिळाली, भातखाचरे मावळ्यांची बुडाली. लाभ एकाला आणि झीज दुसऱ्याला, ही वाटणी कोणी ठरविली, हे विचारण्याचे धैर्य ज्याच्या ठायी नाही, त्याने कितीही रोपे लावली तरी त्याला शाश्वत विकासाचा नेता कसे म्हणावे?

आणि नेतृत्वाचे हे शिक्षण तालुक्यातल्या मुलांना आधी मिळाले पाहिजे. त्याचे साधन हाताशीच आहे: २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, असे बंधन आहे. ती वही शाळा संपवून नोकरीच्या शोधात पुण्याकडे निघालेल्या तरुणांच्या हाती द्यावी. वैशाखात कोणत्या ओढ्याला पाणी टिकते, देवराईत कोणते झाड उरले आहे, हे त्यांनी आजा-आजीला विचारून लिहावे, जाळरेषा कोठून काढायच्या हे या तरुणांच्या सल्ल्याने ठरावे, ग्रामसभेत त्यांचे म्हणणे दप्तरी नोंदले जावे. आणि डोंगरावरच्या परदेशी विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली उमेदवारी करावी.