सत्तांतर आणि राजकीय हत्येचे अभियोग : रत्नागिरीतील एका मुक्ततेचा विचार

राजकीय हत्येच्या खटल्यावर सत्तांतराचा परिणाम कोणता होतो, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे की, सरकार बदलले म्हणजे आरोपी सुटतात. परंतु ‘सुटणे’ या एका क्रियापदाच्या पोटात किमान चार भिन्न अर्थ दडलेले आहेत : न्यायालयाने निर्दोष ठरविणे, सरकारने खटला काढून घेणे, शिक्षेचा उर्वरित भाग माफ होणे आणि मुक्त झालेल्या व्यक्तीवरील निर्बंध उठणे. या चारही क्रियांचे कर्ते निराळे व परिणामही निराळे. व्यवहारभाषेत त्यांची सरमिसळ झाली की विचारातही घोटाळा होतो. हा भेद स्पष्ट करण्यास रत्नागिरीशी निगडित असलेले एक प्रकरण विशेष उपयुक्त आहे.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथील विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांची हत्या झाली. गोळ्या झाडणारे अनंत लक्ष्मण कान्हेरे हे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात जन्मलेले. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. हत्या आणि फाशी यांत पुरते चार महिनेही गेले नाहीत. वि. दा. सावरकर यांना डिसेंबर १९१० मध्ये राजद्रोहात्मक कटाबद्दल जन्मठेप झाली होती. जॅक्सन यांच्या हत्येस साहाय्य केल्याच्या आरोपावरून ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना दुसरी जन्मठेप झाली. दोन्ही शिक्षा मिळून पन्नास वर्षांच्या होत्या.

एकाच हत्येतून उद्भवलेल्या या दोन प्रकारच्या शिक्षांमध्ये प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. फाशीची अंमलबजावणी झाली की पुढील कोणत्याही सरकारला करण्यासारखे काही उरत नाही. दीर्घ मुदतीची शिक्षा मात्र दररोज नव्याने अंमलात आणावी लागते, आणि ती अंमलात आणणारा हात शासनाचा असतो. तो हात बदलला की शिक्षेचे भवितव्यही बदलू शकते.

अंदमानातून १९२१ साली परत आणल्यानंतर सावरकरांना प्रथम रत्नागिरीच्या व नंतर येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ६ जानेवारी १९२४ रोजी त्यांची सशर्त मुक्तता झाली. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीवाचून जाऊ नये आणि पाच वर्षे राजकारणात भाग घेऊ नये, अशा त्या अटी होत्या. मुदत संपत आली की सरकार ती वाढवीत असे. अशा रीतीने पाच वर्षांचे निर्बंध तेरा वर्षे टिकले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४०१ व्या कलमान्वये शिक्षा तहकूब अथवा माफ करण्याचा अधिकार शासनाकडे होता, आणि तो अटी घालूनही वापरता येत असे. म्हणजे येथे अट घालणारे, ती वाढविणारे व ती उठवू शकणारे एकच, ते म्हणजे शासन.

१९३५ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९३७ पासून प्रांतिक स्वायत्तता आली. काँग्रेसने आरंभी अधिकारग्रहण नाकारल्यामुळे मुंबई प्रांतात धनजीशा कूपर यांचे मंत्रिमंडळ स्थापन झाले. जमनादास मेहता हे त्यातील एक मंत्री होते. या मंत्रिमंडळाच्या काळात, १० मे १९३७ रोजी, सावरकरांवरील निर्बंध बिनशर्त उठले. विधिमंडळात बहुमत नसलेले हे मंत्रिमंडळ जुलैमध्ये पायउतार झाले व बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. तथापि झालेली मुक्तता कायम राहिली. १९११ चा निकाल मात्र रद्द झाला नाही. शासनाने शिक्षेचे परिणाम थांबविले, दोषनिर्णयाला स्पर्श केला नाही.

शासनाच्या या अधिकारालाही मर्यादा असते. फेब्रुवारी १९३८ मध्ये संयुक्त प्रांत व बिहार येथील मंत्रिमंडळांनी राजकीय कैद्यांना सोडण्याचे ठरविले असता गव्हर्नरांनी अटकाव केला, आणि दोन्ही मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. प्रत्येक कैद्याच्या प्रकरणाचा स्वतंत्र विचार व्हावा, या तडजोडीने तो पेच सुटला.

उलट, सत्तांतरावाचूनही मुक्तता होऊ शकते. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी सूट धरून आपली शिक्षा संपली असल्याचा दावा केला. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उर्वरित नैसर्गिक आयुष्य, आणि तीत सूट देणे हा शासनाचा अधिकार होय, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे ऑक्टोबर १९६४ मध्ये गोडसे यांची मुक्तता झाली, तेव्हा पंतप्रधानपदी व्यक्ती बदललेली होती, सत्तारूढ पक्ष तोच होता. सारांश, सत्तांतर हे मुक्ततेचे एक संभाव्य कारण आहे, आवश्यक कारण नव्हे.

स्वतंत्र भारतात या अधिकारावर न्यायालयाची देखरेख वाढत गेली. खटला काढून घ्यावयाचा तर सरकारी अभियोक्त्याने अर्ज करावा लागतो व न्यायालयाची संमती लागते. केवळ मंत्रिमंडळाचा ठराव पुरेसा नसतो. राजीव गांधी हत्येतील कैद्यांना सोडण्याचा निर्णय तामिळनाडू सरकारने २०१४ मध्ये घेतला. परंतु केंद्रीय यंत्रणेने तपास केलेल्या अशा प्रकरणात केंद्राची सहमती आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरविले. अखेर २०२२ मध्ये ते कैदी सुटले, ते सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशाने.

सर्वांत नाजूक टप्पा मात्र खटल्यापूर्वीचा, म्हणजे तपासाचा. माफीचा हुकूम कागदावर असतो, त्याची तारीख असते, त्यावर कोणाची तरी सही असते. तपासातील दिरंगाईला यांपैकी काहीच नसते. म्हणूनच ती पकडणे कठीण. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाली. मे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला आणि पुढे अनेक वर्षे त्यावर स्वतः देखरेख ठेवली. १० मे २०२४ रोजी सत्र न्यायालयाने पाच आरोपींपैकी दोघांना जन्मठेप दिली व तिघांना निर्दोष ठरविले. या अवधीत राज्यातील सरकार एकापेक्षा अधिक वेळा बदलले. देखरेख करणारे न्यायालय मात्र तेच होते.

यावरून असे दिसते की, सत्तांतर झालेला निकाल पुसू शकत नाही. ते निकालापूर्वीची गती आणि निकालानंतरची शिक्षा यांवर परिणाम करते. तेव्हा अशा प्रकरणी ‘कोण सुटले’ एवढेच विचारून भागत नाही. कोणी सोडले, कोणत्या अधिकाराने सोडले आणि दोषनिर्णयाचे पुढे काय झाले, हे तिन्ही प्रश्न विचारल्यावाचून ‘सुटका’ या शब्दाचा त्या ठिकाणचा अर्थ निश्चित होत नाही.