दोन मिलिमीटरचं वळण

गिटारची बाजू म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर जाड, १० सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि साधारण ८० सेंटिमीटर लांब अशी लाकडाची पट्टी. या पट्टीनं आधी खालच्या मोठ्या घेराभोवती फिरायचं, मग उलट्या दिशेला वळून कंबर धरायची, आणि पुन्हा सुलट होऊन वरच्या लहान घेराला टेकायचं. हे सगळं एकही तंतू न तुटता व्हायला हवं. शिवाय अशा पट्ट्या दोन लागतात, आणि एक दुसरीचं आरशातलं रूप असावी लागते.

आपल्याकडच्या वाद्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची गोलाई भोपळ्याच्या वेलावरच तयार होते. सारंगी आणि सरोद लाकडाच्या ओंडक्यातून कोरून काढतात. गिटारला मात्र सरळ वाढलेल्या झाडाची सपाट फळीच वाकवावी लागते, आणि या वाद्याच्या घडणीतला सर्वांत धास्तीचा टप्पा तोच आहे.

बाजूचं काम काय, हे आधी समजून घ्यायला हवं. आधुनिक स्पॅनिश गिटारला आकार देणाऱ्या अंतोनियो दे तोरेसनं १८६२ मध्ये एक गिटार बनवली, तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. नाद मुख्यतः वरच्या पातळ फळीतून येतो, याचा इतका धीट पुरावा दुसरा नाही. बाजूचं पहिलं काम आकार धरून ठेवण्याचं आहे. जी बाजू नीट वाकलेली नाही आणि क्लॅम्प आवळून जागेवर आणली आहे, ती पुढं कायम उघडायला बघते. तो ताण सांध्यांवर राहतो.

जुनी रीत तापलेल्या नळीची. धातूची नळी आतून तापवायची, पट्टी ओली करायची आणि नळीवर हळूहळू फिरवत दाब द्यायचा. लाकडाच्या पेशींना बांधून ठेवणारं लिग्निन उष्णतेनं आणि ओलाव्यानं मऊ पडतं. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. पट्टीचा विरोध अचानक ढिला पडतो आणि तेवढं तळहाताला कळतं. या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण यातली जोखीमही खरी आहे. दोन्ही बाजू एकाच फळीतून लागोपाठ कापलेल्या असतात, म्हणून त्यांच्या रेषा जुळतात. एक मोडली की दुसरी बिनजोडीची होते.

ती मोडते का, याचं गणित अगदी सोपं आहे. ५० मिलिमीटर त्रिज्येचं वळण घेताना २ मिलिमीटर जाडीच्या पट्टीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला साधारण २ टक्के ताणावं लागतं. गरम, ओलं लाकूड तंतूंच्या दिशेनं दबायला पुष्कळ तयार असतं. ताणलं जाण्याची त्याची तयारी मात्र एक-दोन टक्क्यांच्या पुढं जात नाही. म्हणजे कटअवेसारख्या, मानेजवळच्या खाचेच्या आवळ वळणावर आपण कायम कड्याच्या टोकावर उभे असतो, आणि रंध्यानं काढलेली ०.२ मिलिमीटरची साल तिथं जीव वाचवते.

यावरचा उपाय फर्निचरवाल्यांनी आधीच शोधला होता. मिशाएल थोनेटची १८५९ ची १४ क्रमांकाची खुर्ची वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची. वाकवताना लाकडाच्या बाहेरच्या अंगाला तो धातूची पट्टी घट्ट बांधायचा. ताण पट्टी घ्यायची, लाकडाच्या वाट्याला बहुतांशी दाबच यायचा.

अमेरिकन गिटारकार चार्ल्स फॉक्स यांचं यंत्र याच विचाराच्या वाटेवरचं आहे. १९७० च्या दशकात व्हर्मोंटमध्ये त्यांनी गिटार बनवायला शिकवणारी शाळा चालवली. त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं हे यंत्र आज जगभरच्या लहान कार्यशाळांमध्ये दिसतं. प्लायवूडच्या दोन उभ्या फळ्या, त्यांच्यामध्ये अर्ध्या गिटारच्या आकाराचा साचा, वर कंबर दाबणारा स्क्रू, आणि दोन्ही घेरांवर पट्टी ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. पट्टी स्प्रिंग स्टीलच्या पाव मिलिमीटर जाडीच्या दोन पत्र्यांमध्ये ठेवतात. पत्रे दोन का? घेरावर पट्टी साच्याच्या उंचवट्यावरून वाकते, तेव्हा ताण वरच्या अंगाला पडतो. कंबरेत ती खोलगट भागात दाबली जाते आणि ताण खालच्या अंगाला जातो. एकाच पट्टीला दोन्हीकडून आधार लागतो, आणि इतक्या साध्या मांडणीतून तो मिळतो हे मला या यंत्रातलं सर्वांत देखणं वाटतं.

पूर्वी साच्याच्या पोटात मोठे बल्ब लावून उष्णता आणत. आता सिलिकॉनचं पातळ हीटिंग ब्लँकेट पट्टीवर पसरतात. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं आणि वाफ दिसू लागली, की आधी कंबर अर्धीअधिक दाबायची, मग खालचा घेर, मग वरचा, आणि शेवटी कंबर पूर्ण बसवायची. कंबर आधीच शेवटपर्यंत दाबली तर पट्टीला सरकायला वाव राहत नाही. पुढं १४०-१५० अंशांवर काही मिनिटं ठेवून यंत्र बंद करायचं आणि पट्टी तिथंच पूर्ण थंड होऊ द्यायची. बरेच जण रात्रभर ठेवतात. घाईनं काढलेली पट्टी उघडते.

यंत्राला लाकूड ओळखता येत नाही. महोगनीला पाणी जास्त झालं तर ती पन्हळीसारखी लहरते. लहरदार रेषांचं मेपल दिसायला सुंदर आणि वाकवायला दगाबाज. टॅनिन असलेल्या ओल्या लाकडाला साधं पोलाद लागलं की काळेनिळे डाग पडतात, म्हणून मध्ये कागद किंवा ॲल्युमिनियमची फॉइल घालतात. आपली शिसव मात्र गुणी. सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या डोंगरांतलं हे झाड, ज्याचे पलंग आणि कपाटं जुन्या वाड्यांत अजून आहेत, ते जगातल्या गिटारवाल्यांचं आवडतं लाकूड झालं. ब्राझीलच्या रोझवुडचे ओंडके मिळेनासे झाले, तेव्हा १९६९ मध्ये मार्टिन कंपनी भारतीय शिसवीकडे वळली. ब्राझीलच्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून सर्वांत कडक बंधन आहे, आणि २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या कुळावर परवान्यांची देखरेख आली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, कच्च्या लाकडाला मिळाली नाही. अशा लाकडाची जोडी मोडणं परवडत नाही, म्हणूनही हे यंत्र लागतं.

मग ते विकत घ्यावं की बनवावं? माझं मत स्पष्ट आहे: सांगाडा स्वतः बनवावा, उष्णता विकत घ्यावी. १८ मिलिमीटरचं प्लायवूड, लोखंडी सळ्या, आटे पाडलेला रॉड, स्प्रिंगा, हे कुठल्याही शहरातल्या हार्डवेअरच्या गल्लीत मिळतं. साच्याची रेघ आखताना गिटारच्या बाहेरच्या आकारातून पट्टीची आणि खालच्या पत्र्याची जाडी वजा करावी लागते. लाकूड थोडं उघडणार हे धरून कंबर किंचित खोल घ्यावी लागते. हा हिशेब स्वतः केलेल्या माणसाला पुढं बाजू बिघडली तर कारण शोधता येतं. ब्लँकेट आणि थर्मोकपल असलेला तापमान-नियंत्रक मात्र तयार आणि चांगला घ्यावा. अमेरिकेतली पुष्कळ ब्लँकेटं ११५ व्होल्टची असतात. ती आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली तर शक्ती चौपट होते आणि ब्लँकेट जळतं. पाणी, वाफ, पोलादी पत्रे आणि वीज इथं एकत्र नांदतात, म्हणून अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांत काटकसर करू नये.

यंत्र वेळ वाचवतं म्हणून त्याची स्तुती होते. मला त्याचं खरं मोल वेगळं वाटतं: डावी बाजू उजवीसारखी येते, आणि दहावी गिटार पहिलीसारखी. त्याची किंमतही तिथंच आहे. प्रत्येक आकाराला नवा साचा लागतो, आणि एकदा साचा झाला की कारागीर त्या आकाराला धरून राहतो. नळीवर मनातलं वळण आजच्या आज बदलता येतं. तेव्हा आधी दोन-तीन गिटारी नळीवर वाकवाव्यात, आपली कंबर किती खोल आणि आपले घेर किती भरदार हे ठरू द्यावं, आणि मग प्लायवूड कापावं. यंत्रात घालण्याआधी प्रत्येक पट्टीवर बाहेरचं अंग आणि मानेकडचं टोक खडूनं लिहावं, नाहीतर दोन्ही बाजू उजव्याच वाकून निघतात. आणि यंत्र आलं म्हणून नळी विकून टाकू नये. साच्यातून निघालेल्या बाजूची कंबर थोडी उघडी राहिलीच, तर ती नळीवर क्षणभर टेकवूनच जागेवर आणावी लागते.