सत्यम प्रकरण आणि कर्मचारीवर्ग

गिरणी बंद पडली तर मागे जमीन, यंत्रे व कापड राहते आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगारांना त्यावर हक्क सांगता येतो. संगणकाच्या आज्ञावली तयार करणाऱ्या कंपनीची गोष्ट निराळी आहे. तिचे खरे भांडवल म्हणजे तेथे काम करणारी माणसे आणि ग्राहकांचा विश्वास. यांपैकी विश्वास एकाएकी नाहीसा झाला म्हणजे माणसांवर कोणता प्रसंग ओढवतो, हे हैदराबाद येथील सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या प्रकरणात स्पष्टपणे दिसून आले.

बी. रामलिंग राजू यांनी १९८७ मध्ये ही कंपनी स्थापन केली. दोन दशकांत तिचा कर्मचारीवर्ग पन्नास हजारांच्या वर गेल्याचे सांगण्यात येत होते. येथील कर्मचाऱ्यास नोकर न म्हणता ‘असोसिएट’, म्हणजे सहकारी, म्हणण्याचा प्रघात होता. कित्येकांना वेतनाच्या जोडीला कंपनीचे समभाग घेण्याचा विकल्पही दिलेला होता. सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराबद्दलचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही कंपनीच्या पदरी पडला. अशा संस्थेत नोकरी असणे ही तेलुगू व मराठी मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठेची बाब मानली जात असे, यात नवल नाही.

७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी संचालक मंडळास लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. ३० सप्टेंबर २००८ अखेर हिशेबात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी रुपये दाखविले होते. प्रत्यक्षात ते २,११२ कोटी होते. व्यवहारातील नफा शेकडा २४ नसून अवघा शेकडा ३ होता. आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपये असलेला समभागाचा भाव त्याच दिवशी ४० रुपयांच्या खाली आला. समभागांत बचत गुंतविणाऱ्या कर्मचाऱ्यांचे नुकसान येथूनच सुरू झाले.

इतक्या हजारो सुशिक्षित माणसांना हे कळले कसे नाही, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर कामाच्या विभागणीत सापडते. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासानुसार देयके तयार करणाऱ्या संगणक-प्रणालीत विशेषाधिकाराने प्रवेश करून साडेसात हजारांवर खोटी देयके घुसविण्यात आली होती. त्यांवर अशी खूण केली जाई, की प्रकल्प सांभाळणाऱ्या विभागप्रमुखांना ती दिसू नयेत. हिशेबात मात्र त्यांची रक्कम जमा व्हावी. ग्राहकासाठी रात्रंदिवस खपणाऱ्या अभियंत्यास आपल्या प्रकल्पाचे देयक ठाऊक असे, कंपनीची एकूण बेरीज नव्हे. ज्याला काही ठाऊक होते, त्याने डिसेंबर २००८ मध्ये टोपणनावाने एका संचालकास ई-पत्र पाठविले. स्वतःचे नाव द्यावयास तो धजला नाही, ही गोष्टच तेथील कारभारावर पुरेसा प्रकाश टाकते. अशी तक्रार स्वीकारणारी यंत्रणा ठेवणे तेव्हा नोंदणीकृत कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेले होते.

केंद्र शासनाने जुने संचालक मंडळ बरखास्त केले व ११ जानेवारी रोजी दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांची नियुक्ती केली. नंतर आणखी तिघे आले. या मंडळापुढील तातडीचा प्रश्न वेतनाचा होता. वेतन थकले तर अनुभवी माणसे जातील, आणि माणसे गेली तर ग्राहकही जातील, हे उघड होते. फेब्रुवारीत बँकांकडून ६०० कोटी रुपयांचे कर्ज मिळविण्यात आले. १३ एप्रिल रोजी लिलावात दर समभागास ५८ रुपये देऊ करणाऱ्या टेक महिंद्र या पुण्याच्या कंपनीची निवड झाली.

तथापि सर्वांची चिंता मिटली नव्हती. काम कमी आणि माणसे अधिक, अशी स्थिती होती. जून २००९ मध्ये ‘व्हर्च्युअल पूल’ नावाची योजना जाहीर झाली. काम नसलेल्यांना सहा महिने घरी बसवून मूळ वेतन, भविष्य निर्वाह निधी व वैद्यकीय विमा एवढेच द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. बाधितांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात होती. या उद्योगात मूळ वेतन हा एकूण वेतनाचा लहानसा भाग असतो. घरकर्जाचा हप्ता मात्र पूर्ण वेतन धरून ठरलेला असतो. अंगावरील ओळखपत्र कायम, पण बसण्यास जागा नाही, अशी ही अवस्था होती. नावाने ती कितीही सौम्य असली तरी व्यवहारात कामबंदीहून फारशी वेगळी नव्हती.

कायद्याचा आधारही तोकडा होता. तेव्हा अमलात असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ अन्वये दरमहा १,६०० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ गणला जात नसे. ही मर्यादा २०१० मध्ये १०,००० रुपये झाली. हाताखाली दोन-चार माणसे असलेला तरुण संघनायक यामुळे संरक्षणाबाहेर पडण्याचा संभव असे. शिवाय संघटनेची सवयच या उद्योगास नव्हती.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७७ ने नोंदणीकृत कंपन्यांना तक्रारीची यंत्रणा ठेवणे बंधनकारक केले आणि योग्य प्रसंगी कर्मचाऱ्यास लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाकडे थेट जाण्याची मुभा दिली. त्याच वर्षी जूनमध्ये सत्यमचे टेक महिंद्रमध्ये विलीनीकरण पूर्ण झाले. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबाद येथील विशेष न्यायालयाने राजू व अन्य नऊ जणांना दोषी ठरविले. या दहांत कंपनीच्या वित्त विभागातील कर्मचारीही होते.