रिकाम्या सायकलतळाचा हिशेब

न्यूयॉर्क शहरात २०१३ च्या मे महिन्यात ‘सिटी बाइक’ नावाची भाडोत्री सायकलींची व्यवस्था सुरू झाली. आरंभी तीनशेहून अधिक सायकलतळ व सुमारे ६,००० सायकली होत्या. सभासदाने एका तळावरून सायकल घ्यावी आणि जेथे जावयाचे असेल तेथील तळावर ती लावून निघून जावे. सायकल जागेवर बसताच तिला आपोआप कुलूप लागते. राखणदाराची गरज नाही.

सोय उत्तम; पण अडचणही लवकरच दिसून आली. सकाळी लोक राहत्या वस्तीतून कचेऱ्यांकडे निघतात. त्यामुळे वस्तीतील तळ ओस पडत आणि कचेऱ्यांजवळचे तळ इतके भरून जात की, सायकल लावावयास जागाच उरत नसे. एकाला सायकल मिळेना, तर दुसऱ्याची सायकलीपासून सुटका होईना! मालमोटारींतून सायकली इकडून तिकडे नेता येतात. परंतु ऐन गर्दीत मोटार तरी किती फेऱ्या करणार? म्हणून कोणत्या तळावर किती सायकली लागतील, हे आधीच ठाऊक असणे आवश्यक होते.

प्रत्येक सायकल कोठून केव्हा सुटली आणि कोठे केव्हा पोहोचली, याची नोंद यंत्र ठेवते. कॉर्नेल विद्यापीठातील डेव्हिड श्मॉइस आणि त्यांचे सहकारी यांनी या नोंदी अभ्यासल्या. त्यांचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला.

या नोंदींत एक मोठा चकवा आहे. समजा, एका तळावर सकाळी सात ते आठ या वेळात १० सायकली गेल्या. मग तेथील मागणी तासाला १० एवढीच काय? वरवर पाहणारा तसेच म्हणेल. पण त्या १० सायकली पहिल्या वीस मिनिटांतच संपल्या असतील तर? पुढील चाळीस मिनिटांत कोणी रुग्णसेविका धावत आली, रिकामा तळ पाहून परतली आणि कामावर उशिरा पोहोचली, तरी तिची नोंद कोठेच होत नाही. यंत्राला गेलेली सायकल दिसते. रिकाम्या हाताने गेलेले माणूस दिसत नाही.

यावर या संशोधकांनी योजलेली युक्ती साधी आहे. ज्या वेळी तळावर सायकली होत्या, तेवढीच मिनिटे हिशेबात धरावयाची. वीस मिनिटांत १०, म्हणजे तासाला ३०. मागणी एकदम तिप्पट झाली! तळ भरलेला असेल, तेव्हा परत येणाऱ्या सायकलींचा हिशेबही असाच करावयाचा.

या हिशेबाने रात्रीच्या कामाचेही स्वरूप ठरते. पहाटे कचेऱ्यांजवळचा तळ जवळजवळ रिकामा दिसला, तर तो दोष नव्हे. सकाळी येणाऱ्यांसाठी ती जागा लागणारच असते. उलट वस्तीतील तळ मात्र उजाडण्यापूर्वी भरलेला हवा. पुढे सभासदांनाही या कामात सहभागी करून घेण्यात आले. भरलेल्या तळावरील सायकल रिकाम्या तळावर नेणाऱ्यास गुण मिळतात आणि त्या गुणांच्या बदल्यात बक्षिसे.