उलट जोर आला, कीं सैलपणा कळतो

गेल्या आषाढांत आमच्या पुतण्याच्या मुलानें कॉलेजांतील मित्राकडून एक वापरलेली सायकल विकत घेतली. पुण्यांतील जुन्या कुटुंबांत सायकल येणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे; आम्ही स्वतः एकतीस वर्षें शाळेंत सायकलीनेंच गेलों. परंतु ही सायकल निराळी निघाली. तिला फ्रीव्हीलच नाहीं. मागच्या चाकाच्या हबावर दातेरी चक्र पक्कें बसविलेलें. चाक फिरत आहे तोंवर पायडलें फिरलींच पाहिजेत आणि पायडलें अडविलीं कीं चाक थांबलेंच पाहिजे. उतारावर पाय स्थिर ठेवून वारा खात जाण्याची सोय नाहीं. ब्रेकही एक नाहीं. "पाय हाच ब्रेक, आजोबा," असें चिरंजिवांनीं आम्हांस समजावून दिलें. हें आमच्या वहिनींनीं ऐकलें, आणि त्या दिवशीं घरांत जेवणाचीं पानें बरींच उशिरां वाढलीं गेलीं.

वाचकांस वाटेल कीं हें आजकालचें फॅड असावें. तसें नाहीं. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ले यांनीं साखळीनें मागचें चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल काढली, तिलाही फ्रीव्हील नव्हतें. जपानांत १९४८ पासून चालत आलेल्या केइरिन शर्यती असल्याच सायकलींवर होतात. एडी मर्क्स यांनीं १९७२ सालीं मेक्सिको शहरीं एका तासांत ४९ किलोमीटरांहून अधिक अंतर कापलें, तेंही असल्याच सायकलीवर. शर्यतीच्या धावपथावर हें यंत्र शोभतें, कारण तेथें चौक नाहीं, रिक्षा नाहीं आणि आडवी येणारी म्हैसही नाहीं. रस्त्यावर त्याची परीक्षा कडक होते.

श्रावण संपतां संपतां मुलगा एके सायंकाळीं आम्हांस हळूच म्हणाला, "आजोबा, उतारावर पाय अडवला कीं खालून खट् असा आवाज येतो. पुढें जोर लावतांना कांहीं होत नाहीं." त्याच्या वडिलांचें मत एकच : सायकल विकून टाकावी. आम्हीं सुचविलें कीं आधीं तपासावी, विकण्याचें मागाहून पाहूं. दोष न शोधतां वस्तु विकली, तर तो दोष दुसऱ्याच्या मुलाकडे जातो.

मुलाच्या बोलण्यांतच रोगाचें निदान होतें. साध्या सायकलींत पायाचा जोर एकाच दिशेनें जातो. साखळीची वरची बाजू ताणलेली राहते, प्रत्येक भाग पुढच्या भागाला एकाच अंगानें टेकलेला असतो. मधें कितीही जागा पडली असली तरी ती झांकलेली राहते. फ्रीव्हील नसलेल्या सायकलींत मात्र पाय अडविला कीं जोर उलटतो. वरची साखळी सैल पडते, खालची ताणली जाते आणि सगळे भाग दुसऱ्या अंगावर जाऊन आपटतात. प्रत्येक सांध्यांतील पोकळी त्या एका क्षणांत बोलूं लागते. तो खट् म्हणजे त्या पोकळ्यांची बेरीज होय.

बेरीज कळली, तरी रकमा वेगळ्या कराव्या लागतात. रविवारीं अंगणांत आम्ही दोघे बसलों. मागचें चाक एकानें घट्ट धरावें व दुसऱ्यानें पायडल हातानें पुढें-मागें हलवावें, आणि एकेका सांध्यावर बोट ठेवून हालचाल कोठें आहे तें पाहावें, ही रीत. बोटाला डोळ्यांहून अधिक कळतें. क्रँक, म्हणजे पायडलाची दांडी, एक्सलवर हलत नव्हती. हें सुदैव, कारण क्रँक ढिली असतांना सायकल चालविली, तर पोलादी एक्सल ॲल्युमिनियमच्या क्रँकेचें भोंक कुरतडून मोठें करतो आणि मग ती कितीही आवळली तरी टिकत नाहीं. पुढच्या चक्राचे स्क्रू घट्ट होते, एक्सलच्या छऱ्यांतही खेळ नव्हता.

मग साखळी. साखळी 'ताणली' असें आपण म्हणतों, पण लोखंड ताणत नाहीं. कड्यांमधील खिळे झिजतात. दर दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच असतें, म्हणून २४ अंतरें नव्या साखळींत बरोबर १२ इंच भरतात. पोलादी पट्टी लावून पाहिली, तर तीं १२ इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, भरलीं. एवढी वाढ झाली कीं साखळी बदलावी. गणित केलें तर एका सांध्याच्या वाट्याला जेमतेम एकदोन केसांच्या जाडीइतकी झीज येते. ती एकटी कोणाच्याही ध्यानांत आली नसती.

परंतु खरा चोर मागें होता. मागचें दातेरी चक्र हबावर उजव्या आट्यांनीं फिरवून बसवितात. पुढें जोर लावला कीं तें अधिक आवळतें. पाय अडविला कीं सुटूं पाहतें. तें सुटूं नये म्हणून त्याच्या बाहेरून उलट्या आट्यांची लॉकरिंग लावतात. चक्र सुटण्यासाठीं ज्या दिशेनें फिरेल, त्याच दिशेनें लॉकरिंग आवळली जाते. योजना मोठी चतुर आहे. पण एक पथ्य आहे. नवें चक्र बसविल्यावर चढावर सायकल चालविली, कीं तें आणखी आंत सरकतें व लॉकरिंगशीं फट पडते. त्यानंतर लॉकरिंग पुन्हां आवळावी लागते. या सायकलीला एका दुकानांत नवें चक्र बसविलें होतें, तें जुन्या साखळीवरच, आणि दुसऱ्यांदा आवळण्याचें कोणी सांगितलें नव्हतें. त्या फटींत चक्र दररोज पुढें-मागें हलत होतें. चक्र पोलादी, हबाचे आटे ॲल्युमिनियमचे. कोण कोणाला खातें तें सांगावयास नको. आटे पुरे झिजते, तर एखाद्या उतारावर मुलानें पाय अडविला असता आणि चाक मात्र फिरतच राहिलें असतें. त्या सायकलीला दुसरा ब्रेक नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

कारागिरानें लॉकरिंग उतरविली तेव्हां बाहेरचे एकदोन आटे बोथटलेले दिसले. बाकीचे शाबूत होते. तेवढ्यावर निभावलें. आटे पुसून ग्रीस लावलें, साखळी व चक्र बरोबरच बदललें, मुलगा एक चढ चढून आला आणि आंकड्याच्या पान्यानें लॉकरिंग पुन्हां आवळली. साखळी मध्यभागीं सुमारें अर्धा इंच वर-खालीं हलेल इतकीच ठेविली. फार ताणली तर छरे मरतात. फार सैल ठेविली तर ती उतरून चाक जागच्या जागीं जखडतें. पुढचें चक्र क्वचितच अगदीं मध्यावर असतें, म्हणून पायडल फिरवून साखळी जेथें सर्वांत घट्ट लागते तेथें हें माप घ्यावें.

पुढचा ब्रेक बसविल्याशिवाय सायकल दाराबाहेर न्यावयाची नाहीं, असें ठरलें. ब्रिटनच्या नियमांतही असल्या सायकलीला रस्त्यावर पुढचा ब्रेक लागतोच, हें दाखविल्यावर चिरंजिवांचा मान राहिला. दुसरा नियम वहिनींनीं घातला, आणि तो सर्वांत शहाणपणाचा होता : चाक फिरत असतांना साखळीला फडकें लावावयाचें नाहीं, आणि घरांतलीं लहान मुलें जवळ असतांना चाक फिरवावयाचें नाहीं. फ्रीव्हीलच्या सायकलींत बोट अडकलें तर पायडल धरून साखळी तरी थांबविता येते. येथें चाकाचा सगळा वेग साखळी व दात्यांमधून जातो, आणि तो बोटासाठीं थांबत नाहीं.

आतां हब, चक्र आणि लॉकरिंग या तिघांवरून मुलानें रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढली आहे. रेघ मोडलेली दिसली, कीं कोणीतरी सरकलें. दर रविवारीं तो ती पाहतो आणि पट्टीनें साखळी मोजून आंकडा वहींत लिहितो. मागील महिन्यांत त्यानें आपणहून आम्हांस वही आणून दाखविली.

सगळें एकाच दिशेनें सुरळीत चाललें असतां सांधे घट्ट आहेत असें सर्वांनाच वाटतें. उलट जोर आल्यावर खट् झालें, तर त्या आवाजावर रागावूं नये. मुलानें तो लपविला नाहीं आणि वडिलधाऱ्यांनीं तो ऐकून घेतला, म्हणून आमच्या घरीं थोडक्यावर निभावलें. सायकल विकली गेली नाहीं, आणि वहिनी तर आतां संध्याकाळीं स्वतःच विचारतात, "रेघ पाहिलीस का रे?"